रिकाम्या काडतुसाचा हिशेब

राधानगरी तालुक्यात, दाजीपूरच्या जंगलाला लागून ज्यांची शेती आहे अशा काही घरांत पीक संरक्षणाच्या परवान्यावरची बाराबोअर बंदूक असते. तशाच एका घरातून आणलेले, एकदा उडालेले काडतूस सध्या माझ्या टेबलावर आहे. लाल प्लॅस्टिकचे नळकांडे, बुडाला पिवळी चकचकीत वाटी, वाटीच्या मधोमध पिनेच्या माराने खळगा पडलेली छोटी टोपी आणि तोंडाशी उमललेल्या सहा पाकळ्या, असे त्याचे रूप आहे. ते माझ्या हातात देताना बंदुकीच्या मालकाने विचारले होते, "एवढं धडधाकट नळकांडं टाकून द्यायचं व्हय? परत भरता येत न्हाई?"

भरता येते. अमेरिकेत आणि युरोपातील काही देशांत हौशी नेमबाज घरच्या टेबलावर छोटे हातयंत्र बसवून काडतुसे भरतात. परंतु 'येते' आणि 'परवडते' यांत अंतर आहे, आणि ते अंतर काडतुसाच्या रचनेतच दडलेले आहे.

कोल्हापूरला नेमबाजीचे वेड असले तरी येथील नावाजलेल्या नेमबाजांपुढे हा प्रश्न येत नाही. २०१० मध्ये म्युनिक येथे विश्वविजेती ठरलेली तेजस्विनी सावंत, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारी राही सरनोबत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणारा स्वप्नील कुसाळे या तिघांनीही ही पदके मिळवली ती पॉइंट टू टू (०.२२ इंची) काडतुसांवर. त्या काडतुसात पेट घेणारे मिश्रण बुडाच्या पोकळ कडेत भरलेले असते आणि पिनेच्या माराने ती कडच चेपली जाते, त्यामुळे एकदा उडाले की ते नळकांडे कायमचे बाद होते. बाराबोअरच्या काडतुसात मात्र टोपी हा वेगळा, दाबून बसवलेला भाग असतो. जुनी टोपी ठोकून काढावी आणि नवी बसवावी, इतके ते सरळ आहे.

'बाराबोअर' हा शब्दही शिशाच्या हिशेबातूनच आला आहे. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातील एका गोळ्याचा व्यास जेवढा येतो, तेवढा त्या नळीचा व्यास, म्हणजे सुमारे साडेअठरा मिलिमीटर. आत टोपीच्या वर धूरविरहित दारू असते, आणि तीही सहसा दोन ग्रॅमच्या आतच. दारूवर प्लॅस्टिकचा वॅड बसतो, जो खालून वायू अडवतो आणि वरच्या पेल्यात छर्रे धरतो. ऑलिंपिकच्या ट्रॅप आणि स्कीट या उडत्या तबकड्या टिपण्याच्या प्रकारांत छर्‍यांचे वजन २४ ग्रॅमपर्यंत मर्यादित ठेवलेले आहे. सुमारे २.४ मिलिमीटर व्यासाचा एक छर्रा ८० मिलिग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे एका बारात जवळपास ३०० छर्रे झाले.

आता पैशांकडे पाहू. रायफलच्या काडतुसात सर्वांत महाग भाग म्हणजे पितळी कोश, आणि तो उडाल्यानंतरही आपल्या हातात राहतो, म्हणून रायफलवाल्यांना भरणे परवडते. छर्‍याच्या काडतुसाचे नेमके उलटे आहे. येथे हातात उरते ते स्वस्त प्लॅस्टिक, आणि मोठा खर्च असलेले शिसे शिवारात विखरून जाते. तेलाचा रिकामा डबा जपून ठेवला म्हणून तेलाचा खर्च वाचत नाही, तसाच हा प्रकार आहे. लाखोंच्या संख्येने शिसे, दारू आणि टोप्या घेणारा कारखाना आणि किरकोळीत तेच घेणारा गिर्‍हाईक यांच्या भावांत एवढा फरक पडतो की, साध्या बाराबोअर काडतुसाच्या बाबतीत घरचा हिशेब बहुधा बरोबरीवर किंवा तोट्यातच येतो.

मग शिसे स्वतः वितळवले तर? शिवाजी उद्यमनगरात ज्यांची फाउंड्री आहे अशा एका मित्राने मला हेच सुचवले. छर्रे ओतायला साचा लागत नाही, हे त्याला माहीत नव्हते. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्स याने १७८२ मध्ये पेटंट घेतले ते वितळलेले शिसे चाळणीतून उंचावरून खाली पाण्यात सोडण्याच्या पद्धतीचे. पडता पडता पृष्ठताणामुळे थेंब आपोआप गोल होतो आणि घट्ट होऊ लागतो. थेंबाला शेपूट राहू नये म्हणून शिशात किंचित अर्सेनिक मिसळतात. हे वाचताना गंमत वाटते, पण शिशाची धूळ आणि वाफ घरात खेळवणे ही गंमत नव्हे. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम फार थोड्या प्रमाणातही होतो.

खरा घोळ दाबाचा आहे. गुर्‍हाळाच्या चुलाणात चिपाडे थोडी वाढवली की जाळही थोडाच वाढतो. बंद नळीत तसे होत नाही. तेथे दाब वाढला की दारू अधिक वेगाने जळते, वेगाने जळाली की दाब आणखी वाढतो, आणि हे सारे सेकंदाच्या काही हजाराव्या भागात उरकते. साध्या बाराबोअर काडतुसासाठी युरोपीय प्रमाणाची कमाल मर्यादा ७४० बार, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे ७४० पट आहे. रायफलच्या नळ्या ४,००० बारच्या घरातील दाब सोसतात, पण छर्‍याच्या बंदुकीची नळी पातळ असल्यामुळे तिला एवढी सवलत नाही. दारूचे वजन तंतोतंत तेच ठेवून केवळ टोपी, वॅड किंवा तोंडाची घडी बदलली, तरी दाब बदलतो. प्रयोगशाळेत विशेष नळीवर दाबमापक बसवून तो मोजता येतो. घरी मात्र काडतूस व्यवस्थित उडाले एवढेच कळते, आणि दाबाच्या मर्यादेच्या किती जवळून उडाले ते कळत नाही.

शिवाय बहुतेक हातयंत्रे दारू वजनाने न मोजता आकारमानाने मोजतात. यंत्र हादरले की दारू बसते आणि त्याच मापात जास्त मावते. गगनबावड्याकडच्या पावसाळी हवेत तिने ओल धरली तर ती मंद जळते. दारू कमी पडलेल्या काडतुसाचा आवाज फुसका येतो आणि वॅड नळीतच अडकून बसतो. ते न पाहता पुढचा बार काढला की नळी फाटते. संस्थानी काळापासून चालत आलेल्या काही घरांत नागमोडी नक्षीच्या दमास्कस नळ्यांच्या बंदुका आहेत. त्या काळ्या दारूसाठी घडवलेल्या असल्याने त्यांत आजची काडतुसे, घरची असोत वा कारखान्याची, घालूच नयेत.

मग भरणे परवडते तरी कोणाला? परदेशात बाराबोअरपेक्षा बारीक नळीची ४१० किंवा अठ्ठावीस बोअर बंदूक वापरणार्‍यांना परवडते. त्या काडतुसांत शिसे कमी असते, पण खप थोडा असल्याने ती महाग विकली जातात, आणि ही दरी घरचे यंत्र भरून काढू शकते. वर्षाला हजारो बार काढणार्‍याला किंवा खांद्याला कमी धक्का हवा असलेल्यालाही त्यात अर्थ आहे. ३२ ग्रॅमऐवजी २४ ग्रॅम छर्रे त्याच वेगाने सोडले, तर छर्‍यांमुळे बसणारा धक्का पाव हिश्श्याने कमी होतो. रानडुकरांना पिटाळण्यासाठी वर्षाकाठी मोजकेच बार काढणार्‍या शेतकर्‍याचे यंत्राचे पैसे मात्र कधीच वसूल होणार नाहीत. त्यातच शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो आणि बंदूक बाळगण्याचा परवाना त्या कामी चालत नाही. तयार काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात बनतातच.

हे सारे त्या मालकाला सांगितले, तेव्हा त्याने काडतूस उलटसुलट करून पाहिले. पाकळीच्या घडीवर केसाएवढी चीर गेली होती, म्हणजे पुन्हा दुमडले असते तर तेथूनच ते उघडले असते. "मग पितळ तरी भंगारात जाईल की," तो म्हणाला. मी स्पीकरमधला जुना लोहचुंबक वाटीला लावला आणि तो चटकन चिकटला. वाटी लोखंडी पत्र्याची होती, वर नुसता पितळी मुलामा.