संगणकाच्या नावातील विशेष चिन्हे

संगणकाच्या नावात अंडरस्कोअर, अपॉस्ट्रॉफी, मोकळी जागा किंवा रोमनेतर लिपीतील अक्षर आले की काही सॉफ्टवेअर अडखळते, आणि दोष नावात आहे हे चटकन लक्षात येत नाही. नाव ठेवले जाते माणसांसाठी. ते वाचतात मात्र अनेक प्रोग्रॅम, आणि प्रत्येकाचा नियम वेगळा असतो.

यातील सर्वांत जुना नियम इंटरनेटच्या यजमान-नावांचा, म्हणजे जाळ्यावर संगणक ज्यांनी ओळखले जातात त्या नावांचा आहे. आरएफसी 952 या इंटरनेटचे नियम सांगणाऱ्या 1985 च्या दस्तऐवजाने इंग्रजी अक्षरे, अंक, हायफन आणि नावाचे भाग वेगळे करणारे टिंब एवढ्यांनाच मुभा दिली व नावाचा आरंभ अक्षरानेच व्हावा असे ठरवले. 1989 च्या आरएफसी 1123 ने आरंभी अंकही चालवून घेतला. दोन टिंबांमधील भाग 63 बाइटांपेक्षा मोठा नसावा, ही मर्यादा डीएनएसची, म्हणजे नावावरून संगणकाचा अंकी पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेची. स्थानिक जाळ्यावर संगणक ओळखण्याच्या विंडोजच्या जुन्या नेटबायोस पद्धतीत नावासाठी 16 बाइट असतात व शेवटचा सेवेचा प्रकार सांगण्यासाठी राखीव असतो, म्हणून हाती 15 उरतात. विंडोज 10 स्वतःहून देते ते ‘डेस्कटॉप’ हा रोमन शब्द, हायफन आणि सात अक्षरे-अंक असे नाव बरोबर 15 चिन्हांचे भरते.

सर्वाधिक फसवे चिन्ह अंडरस्कोअर होय. नेटबायोसला ते चालते, यजमान-नावाच्या नियमात बसत नाही. त्यामुळे अशा संगणकाला पिंग हा संपर्क तपासणारा संदेश पोहोचतो, त्यावरील फाइली उघडतात, पण जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतील यूआरआय हा पत्त्याचे भाग पाडणारा वर्ग त्याच पत्त्यातून यजमान-नाव म्हणून ‘नल’, म्हणजे काहीच नाही, असे परत करतो. इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर अशा पत्त्यावरून आलेली कुकी, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणारी छोटी नोंद, साठवत नसे. वापरकर्ता योग्य पासवर्ड देऊनही पुन्हा लॉगिनच्याच पानावर येई. डीएनएसमधील सेवा-नोंदींची (एखादी सेवा कोणत्या संगणकावर आहे हे सांगणाऱ्या नोंदींची) नावे मात्र मुद्दाम अंडरस्कोअरने सुरू होतात, कारण ती खऱ्या यजमान-नावांशी कधीच जुळू नयेत.

रोमनेतर अक्षरांची अडचण अधिक खोल आहे. विंडोजवर सिरिलिक (रशियन वगैरे भाषांच्या लिपीतील) किंवा चिनी नाव जुन्या कोडपेजमधील, म्हणजे एकेका लिपीपुरत्या अक्षर-तक्त्यातील, बाइटांत मिळते, पायथन भाषेतला प्रोग्रॅम ते यूटीएफ-8 या सर्व लिपींसाठीच्या युनिकोड पद्धतीतले समजून वाचू पाहतो आणि सर्व्हर सुरू होण्याआधीच बंद पडतो. देवनागरीला तर विंडोजमध्ये संपूर्ण प्रणालीसाठी निवडता येईल असे कोडपेजच नाही. शिवाय ‘सोनाली’ हा तीन अक्षरांचा शब्द युनिकोडमध्ये सहा चिन्हांचा आणि यूटीएफ-8 मध्ये 18 बाइटांचा होतो.

डोमेन-नावांसाठी, म्हणजे संकेतस्थळांच्या नावांसाठी, 2003 मध्ये प्युनीकोड या रूपांतर-पद्धतीची सोय झाली. तिच्यामुळे ‘भारत’ हे नाव डीएनएसमध्ये साध्या रोमन अक्षरांत, अंकांत व हायफनांत जाते. त्या वेळच्या नियमांत मराठीचे एक नुकसान मात्र होते. अक्षरे जोडणारे अदृश्य चिन्ह त्यांत गाळले जाई. ‘दऱ्या’ हा शब्द ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर न घेता र, हलन्त आणि ते चिन्ह वापरून लिहिला असेल, तर त्याचा ‘दर्या’ होई. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र. 2010 च्या सुधारित नियमांनी हलन्तानंतर ते चिन्ह ठेवण्यास परवानगी दिली.

आहे त्या संगणकाचे नाव रोमन अक्षरे, अंक आणि हायफन यांत बदलणे हा खात्रीचा उपाय खरा, पण स्वतःच्या लिपीत नाव लिहिणाऱ्याला चूक ठरवणे योग्य नाही. माणसांना दिसणारे नाव आणि जाळ्यावरचे नाव वेगळे ठेवणे अधिक रास्त. मॅकओएस हेच करते: पडद्यावर मालकाचे नाव अपॉस्ट्रॉफी आणि मोकळ्या जागांसह राहते, तर जाळ्यावर अपॉस्ट्रॉफी गळून मोकळ्या जागांच्या ठिकाणी हायफन येतात. लिनक्समध्येही सिस्टमडी ही संगणकाच्या सेवा सांभाळणारी प्रणाली असेच वेगळे दर्शनी नाव ठेवू देते.