हृद्‌गती, जलद

प्रौढ व्यक्ती विश्रांत असताना हृदयाचे ठोके मिनिटाला 100 हून अधिक पडणे. सर्वसाधारण मर्यादा 60 ते 100 मानतात. तान्ह्या बाळात 140 ठोकेही स्वाभाविक असतात. सिंहगड चढून आलेल्या चाळिशीतल्या माणसाची नाडी 150 लागली, तरी छातीत दुखत नसेल आणि गती काही मिनिटांत उतरू लागली असेल, तर तो श्रमाचाच परिणाम समजावा.

भारतात नाडीपरीक्षा केव्हा सुरू झाली याविषयी मतभेद आहेत. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत तिचे पद्धतशीर विवेचन आढळत नाही. ते शार्ङ्गधरसंहितेत (सामान्यतः तेरावे-चौदावे शतक) येते. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या धमनीला तेथे ‘जीवसाक्षिणी’ म्हटले असून वाताची नाडी सापासारखी, पित्ताची बेडकासारखी, कफाची हंसासारखी चालते असे वर्णन आहे. ही पद्धत युनानी वैद्यकाच्या संपर्कातून आली, चीनमधून आली की दक्षिणेतील सिद्ध परंपरेत आधीच होती, हे निश्चित नाही; कालानुक्रम पाहता पहिला पक्ष अधिक संभवनीय वाटतो. या वर्णनांत भर चालीवर आहे, मोजणीवर नाही. मिनिटाचे घड्याळ लावून नाडी मोजण्याचा पुरस्कार इंग्रज वैद्य जॉन फ्लॉयर यांनी 1707 मध्ये केला.

निदानात आजही आकड्याइतकीच चाल महत्त्वाची आहे. गती हळूहळू चढून हळूहळू उतरत असेल, तर कारण बहुधा हृदयाबाहेर असते: ताप (दर अंश सेल्सिअसला सुमारे 10 ठोके), रक्तक्षय, थायरॉइडचा अतिरेक, शरीरातील पाणी कमी होणे. पुण्यात पावसाळ्यात व त्यानंतर डेंग्यूचे रुग्ण वाढतात. ताप उतरल्यावर नाडी जलद व क्षीण लागणे, हातपाय गार पडणे, पोट दुखणे ही त्यात धोक्याची लक्षणे होत; ताप गेला म्हणून घरी थांबू नये.

दिव्याचे बटण दाबावे तशी गती एकदम 150 ते 250 वर जाऊन तशीच एकदम थांबत असेल, तर निलयांच्या (हृदयाच्या खालच्या कप्प्यांच्या) वर असलेल्या भागातील विद्युत् मंडलाचा दोष संभवतो. ठोक्यांत काहीच ताळमेळ नसेल, तर अलिंदांचे (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे) कंपन असू शकते. त्यात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो. आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांत निलयातून उद्भवणारी जलद गती सर्वांत घातक. चालीवरून प्रकार ओळखता यावा म्हणून डॉक्टर रुग्णाला धडधड कशी होते ते टेबलावर बोटाने वाजवून दाखवायला सांगतात.

नाडी तर्जनी व मधल्या बोटाने पाहावी, अंगठ्याने नव्हे. ठेका अनियमित असल्यास पूर्ण 60 सेकंद मोजावे. फार घाईचे ठोके मनगटापर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे आकडा प्रत्यक्षाहून कमी येतो. धडधड चालू असतानाच ईसीजी काढून घेणे सर्वांत उपयोगी. त्याचा कागद उष्णतेने काळा पडतो, म्हणून लॅमिनेट न करता झेरॉक्स काढून ठेवावी.

एकदम सुरू होणाऱ्या प्रकाराचे निदान झालेल्यांना डॉक्टर एक युक्ती शिकवतात: 10 मिली सिरिंजच्या तोंडातून, दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने, 15 सेकंद फुंकायचे, लगेच आडवे होऊन दुसऱ्याने पाय 45 अंशांत 15 सेकंद उचलून धरायचे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत या रीतीने 43 टक्के रुग्णांची गती पूर्ववत झाली. पाय न उचलता केलेल्या जुन्या रीतीने 17 टक्के. मानेची शीर चोळण्याचा प्रयोग घरी करू नये. रुग्णालयात ॲडेनोसिन 6 मिलिग्रॅम, गरज पडल्यास 12 मिलिग्रॅम, शिरेतून झटकन देतात. त्या वेळी काही सेकंद छाती आवळल्यासारखी वाटते.

शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, धाप लागणे, दरदरून घाम फुटणे यांपैकी काहीही असल्यास 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. महाराष्ट्रात ही सेवा विनामूल्य आहे. अशा रुग्णाला दुचाकीवर मागे बसवून नेऊ नये, वाटेत शुद्ध हरपून तो पडू शकतो. ही लक्षणे नसतील, पण विश्रांतीतही नाडी 100 च्या वर राहत असेल वा धडधड वारंवार होत असेल, तर एकदोन दिवसांत डॉक्टरांना दाखवून ईसीजी, हिमोग्लोबिन व थायरॉइडची तपासणी करावी.