लिहिलं कधी, छापलं कधी

वाचावीत अशा चरित्रांच्या आणि आत्मकथनांच्या याद्यांमध्ये आता समलिंगी आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या जीवनकहाण्या हमखास असतात. त्यातली बरीचशी पुस्तकं गेल्या पन्नास-साठ वर्षांत छापलेली, त्यामुळे हे लेखनच अलीकडचं असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे. ही माणसं फार पूर्वीपासून स्वतःबद्दल लिहीत होती. लिहिलेलं मात्र वारसांच्या घरात, ग्रंथालयांच्या कुलपात आणि डॉक्टरांच्या कागदपत्रांत अडकून पडलं. म्हणून अशी यादी हाती आली की प्रत्येक पुस्तकाची दोन सालं बघावीत, असं मला मनापासून वाटतं: लिहिल्याचं आणि छापल्याचं.

इंग्लंडमध्ये हॅलिफॅक्सजवळच्या शिबडेन हॉलची मालकीण अ‍ॅन लिस्टर (१७९१–१८४०) हिचं उदाहरण सगळ्यात बोलकं. तिच्या रोजनिश्या सुमारे पन्नास लाख शब्दांच्या आहेत. जमिनीचे व्यवहार, कोळशाच्या खाणी, हवापाणी, प्रवास हे सगळं साध्या इंग्रजीत. आणि बायकांवरचं प्रेम, त्यातलं सुख, त्यातली तगमग मात्र ग्रीक अक्षरं आणि गणिती चिन्हं मिसळून बनवलेल्या सांकेतिक लिपीत. एकूण मजकुराचा साधारण सहावा हिस्सा या लिपीत आहे. १८९० च्या दशकात त्याच घराण्यातल्या जॉन लिस्टरने आर्थर बरेल या शिक्षक मित्राच्या मदतीने ती उलगडली. आत काय आहे ते कळल्यावर बरेलने सांगितलं, जाळून टाका. जॉनने जाळल्या नाहीत. भिंतीच्या लाकडी फळ्यांमागे लपवून ठेवल्या. त्याचे उपकार मानावेत तेवढे थोडेच. हा सांकेतिक भाग सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोचला तो हेलेना व्हिटब्रेड यांनी १९८८ मध्ये संपादित केलेल्या पुस्तकामुळे, म्हणजे अ‍ॅनच्या मृत्यूनंतर १४८ वर्षांनी. २०११ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती उपक्रमाच्या ब्रिटनमधल्या नोंदवहीत या रोजनिश्यांचा समावेश झाला.

जॉन अ‍ॅडिंग्टन सायमंड्स या इंग्रज लेखकाने १८८९ मध्ये आत्मवृत्त लिहायला घेतलं. लग्न झालेल्या, मुली असलेल्या, पुरुषांवर प्रेम करणाऱ्या माणसाने स्वतःची केलेली ती तपासणी होती. १८९३ मध्ये तो गेला. हस्तलिखित होराशियो ब्राउन या मित्राकडे आलं. ब्राउनने त्याच मजकुराच्या आधारे १८९५ मध्ये चरित्र काढलं, पण लैंगिकतेचा भाग गाळून. म्हणजे ज्या गोष्टीसाठी सायमंड्सने लेखणी उचलली, तीच वगळली गेली. ब्राउन १९२६ मध्ये वारला आणि पन्नास वर्षं छापू नये या अटीवर हस्तलिखित लंडन लायब्ररीकडे गेलं. सायमंड्सचे इतर कितीतरी कागद त्या सुमारास जाळण्यात आले. आत्मवृत्ताचा मोठा भाग छापला गेला १९८४ मध्ये.

एवढी भीती कशाची होती? ब्रिटनच्या १८८५ च्या कायद्याने पुरुषांमधला जवळपास कोणताही लैंगिक संबंध गुन्हा ठरवला होता. त्याच कायद्याखाली १८९५ मध्ये नाटककार ऑस्कर वाइल्डला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. रेडिंगच्या तुरुंगात १८९७ मध्ये त्याने प्रियकराला जे दीर्घ पत्र लिहिलं, ते ‘डी प्रोफुंडिस’ या नावाने १९०५ मध्ये निघालं. त्या छापील रूपात प्रियकराचा उल्लेखच ठेवला नव्हता. पूर्ण आणि बिनचूक पाठ मिळायला १९६२ साल उजाडलं.

फ्रान्समध्ये कुलूप डॉक्टरांच्या हाती होतं. एर्क्युलीन बार्बँ या आंतरलिंगी, म्हणजे शरीरात स्त्री आणि पुरुष दोन्हींची लक्षणं असलेल्या. त्यांना मुलगी म्हणून वाढवलं गेलं. १८६० मध्ये, त्या शिक्षिका असताना, कायद्याने त्यांना पुरुष ठरवलं. १८६८ मध्ये पॅरिसमध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. मागे राहिलेल्या आठवणी एका वैद्यकीय ग्रंथात वैद्यकीय प्रकरण म्हणून छापल्या गेल्या. फ्रेंच विचारवंत मिशेल फूको यांनी १९७८ मध्ये त्या स्वतंत्र पुस्तकरूपात आणल्या, तेव्हा कुठे त्या एका माणसाचं मनोगत म्हणून वाचल्या गेल्या.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६७ मध्ये पुरुषांमधल्या संबंधांवरचा कायदा सैल झाला आणि चित्र भराभर बदललं. मायकेल होलरॉइड यांनी लिहिलेल्या, इंग्रज लेखक लिटन स्ट्रेचीच्या चरित्राचा पहिला खंड त्याच वर्षी आला. नायकाची प्रेमप्रकरणं त्यात आडपडदा न ठेवता मांडलेली होती. १९७४ मध्ये जॅन मॉरिस यांनी आपल्या लिंगबदलाची कहाणी लिहिली. १९७६ मध्ये कादंबरीकार ख्रिस्तोफर इशरवुडने आपल्याच १९३८ च्या आत्मकथनात लपवलेलं सगळं नव्याने सांगितलं. १९८२ मध्ये ऑड्री लॉर्डने कृष्णवर्णीय आणि समलिंगी स्त्री म्हणून घडण्याची गोष्ट लिहिली. १९८३ चं अँड्र्यू हॉजेस यांचं अ‍ॅलन ट्युरिंगचं चरित्र मी सगळ्यांत वर ठेवेन. ट्युरिंग हा ब्रिटिश गणितज्ञ. त्याचं आयुष्य दुहेरी झाकलेलं होतं: युद्धकाळात शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याचं काम सरकारी गुपित, आणि समलिंगी संबंधांबद्दल झालेली १९५२ ची शिक्षा लाजिरवाणी मानलेली. हॉजेस गणितज्ञही होते आणि समलिंगी हक्कांच्या चळवळीतही होते, म्हणून त्यांना दोन्ही बाजू सारख्याच ताकदीने उलगडता आल्या.

मग एड्स आला, आणि लिहिणं व छापणं यांतलं अंतर एकदम मिटलं. लिहिणाऱ्यांकडे वेळच नव्हता. अमेरिकन लेखक पॉल मॉनेटचा जोडीदार एड्सने १९८६ मध्ये गेला. त्याच्या आजारपणाची हकिगत १९८८ मध्ये पुस्तक म्हणून आली. मॉनेट स्वतः १९९५ मध्ये गेला. हे पुस्तक एका बैठकीत वाचवत नाही, तरीही वाचाच.

ए. रेवती यांनी हिजडा म्हणून जगलेलं आयुष्य तमिळमध्ये लिहिलं, पण २०१० मध्ये आधी बाहेर आला तो इंग्रजी अनुवाद. लिहिलेलं दाबण्याचे प्रयत्नही थांबलेले नाहीत. माया कोबाबे यांचं २०१९ चं चित्ररूप आत्मकथन अमेरिकेत २०२१ पासून सलग तीन वर्षं, ग्रंथालयांतून काढावं म्हणून सर्वाधिक आक्षेप घेतलं गेलेलं पुस्तक ठरलं.

जुनी पुस्तकं घेताना आवृत्ती जरूर तपासा. वाइल्डचं पत्र १९६२ नंतरच्या पाठाचं घ्या. सायमंड्सचं आत्मवृत्त १९८४ च्या आवृत्तीतही काटछाट झालेलं होतं. संपूर्ण पाठ अँबर रेजिस यांनी २०१६ मध्ये संपादित केला आहे, तो घ्या.