एमएमसीचे नूतनीकरण आणि ३० क्रेडिट पॉइंट : कोकणातल्या फॅमिली डॉक्टरांसाठी

एमबीबीएस होऊन महाराष्ट्रात प्रॅक्टिस करायची तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडची, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या एमएमसीची, नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. त्या पाच वर्षांत सीएमईचे, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर वैद्यकीय शिक्षणाच्या कार्यक्रमांचे, ३० क्रेडिट पॉइंट जमलेले असावे लागतात. इथवर सगळ्यांना ठाऊक असते. घोडे अडते ते पुढे. मुंबईतल्या डॉक्टरला रविवारी सकाळी दोन कार्यक्रमांतून एक निवडायचा असतो. गुहागर, देवगड किंवा मुरुडच्या डॉक्टरला दवाखाना बंद ठेवून चिपळूण, कणकवली नाहीतर अलिबाग गाठावे लागते. त्यामुळे पाचव्या वर्षी पॉइंट गोळा करायला निघणे इथे परवडत नाही. वर्षाला सहा पॉइंट धरून चालावे. त्यातही जून ते सप्टेंबर हिशेबात धरू नये: दवाखान्यात तापाचे पेशंट ओसंडत असतात, आणि गाड्या पावसाळी वेळापत्रकावर असतात.

हा नियम एमएमसीने मनाने काढलेला नाही. व्यावसायिक आचारसंहितेच्या २००२ च्या राष्ट्रीय विनियमांतच पाच वर्षांत किमान ३० तास सीएमई करावे असे म्हटले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे विनियम आणले आणि त्याच महिन्यात स्थगितही केले. त्यामुळे २००२ चेच विनियम लागू आहेत.

कोणाला लागू, कोणाला नाही

आधुनिक वैद्यकाची पदवी आणि एमएमसीची नोंदणी असलेल्यांना. प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी आहे म्हणून सुटका नाही. आपल्याकडे गावचा डॉक्टर पुष्कळदा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. त्यांची नोंदणी अनुक्रमे महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन आणि महाराष्ट्र कौन्सिल ऑफ होमिओपॅथीकडे. त्यांनी आपापल्या कौन्सिलचे नियम पाहावेत, खालचा मजकूर त्यांच्यासाठी नाही.

पॉइंट कशाचे धरतात

परिषदेची आधी मान्यता असलेल्या कार्यक्रमाचेच. आयएमएच्या (इंडियन मेडिकल असोसिएशनच्या) शाखा, तज्ज्ञांच्या संघटना, वैद्यकीय महाविद्यालये असे कार्यक्रम घेतात. डेरवणचे वालावलकर महाविद्यालय आहेच. शिवाय गेल्या काही वर्षांत अलिबाग, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत सरकारी महाविद्यालये सुरू झाल्याने मुंबईची वारी बरीच टळते. निमंत्रणावर मान्यतेचा आणि पॉइंटचा उल्लेख नसेल तर आयोजकांना फोन करून विचारा. ऑनलाइन कार्यक्रमालाही हेच लागू.

औषध कंपनीने हॉटेलात ठेवलेले व्याख्यान आणि जेवण म्हणजे सीएमई नव्हे, त्यावर परिषदेची मान्यता असल्याशिवाय. कंपनीच्या खर्चाने प्रवास आणि मुक्काम घेणे तर २००९ पासूनच डॉक्टरांना मना आहे. सावंतवाडी-दोडामार्गच्या मंडळींना पणजी जवळ पडते. पण तिथल्या कार्यक्रमाचे पॉइंट एमएमसीच्या खात्यात धरले जातीलच असे समजून जाऊ नका, आधी खात्री करा.

आता थोडे विषयांबद्दल. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयाचे सर्जन येतात, रोबोटने बदललेला गुडघा दाखवतात, पॉइंट मिळतात. ऐकायला हरकत नाही. पण लावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्यांत कळा आणि लालबुंद डोळे घेऊन बाकावर बसलेल्या माणसात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) ओळखायचा, फुरसे चावलेल्याला कुठे ठेवायचे आणि कधी पुढे पाठवायचे, सिंधुदुर्गात २०१६ पासून दिसलेल्या माकडतापाचा संशय केव्हा घ्यायचा, हे आपल्या ओपीडीचे प्रश्न. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी जगापुढे मांडला तो महाडच्या परिसरातल्या रुग्णांवरून. आपल्या शाखेच्या सचिवांना सांगा, असे विषय लावा म्हणून. सांगितल्याशिवाय लागत नाहीत.

हॉलमध्ये

दाराशीच नोंदीचे टेबल असते. तिथे नोंदणी क्रमांक पाठ म्हणून घाईत लिहू नका, प्रमाणपत्राचा फोटो मोबाइलमध्ये ठेवून त्यावरून लिहा. एक आकडा चुकला की पॉइंट तुमच्या नावावर येणार नाहीत. परिषदेचा निरीक्षक हजर असू शकतो, तेव्हा सही करून परतीची गाडी पकडायचा बेत नको. प्रमाणपत्र हातात आले की नाव, क्रमांक, तारीख आणि पॉइंट तिथेच वाचून घ्या. चूक असेल तर आयोजक समोर असतानाच दुरुस्त होते, दोन वर्षांनी नाही. महिन्याभराने खात्यावर पॉइंट दिसतात का तेही पाहावे.

अर्ज आणि कागद

अर्ज परिषदेच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. खात्यावरचा मोबाइल नंबर आणि पत्ता जुना असेल, म्हणजे मिरजेच्या होस्टेलचा किंवा परळच्या खोलीचा, तर तो आधी बदलून घ्या. मूळ नोंदणी प्रमाणपत्र, मागचे नूतनीकरण प्रमाणपत्र, फोटो, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, सीएमईची प्रमाणपत्रे हे सगळे स्कॅन करून तयार ठेवावे. टेबलावर ठेवून मोबाइलने काढलेल्या फोटोत फ्लॅशचा पांढरा डाग नेमका नोंदणी क्रमांकावर पडतो. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडून नीट स्कॅन करून आणा, दहा-वीस रुपयांत काम होते.

लग्नानंतर नाव बदलले असेल तर पदवी, आधार आणि नोंदणी यांत एकच नाव आहे का ते आधी पाहा. नसेल तर नावबदलाचे काम नूतनीकरणाच्या आधी हाती घ्या. पदव्युत्तर पदवी घेतली असेल तर तिची नोंद वेगळी करावी लागते, नूतनीकरणाबरोबर आपोआप होत नाही. शुल्क पोर्टलवर दिसेल ते भरा आणि पावती जपून ठेवा. मुदत उलटली तर विलंब शुल्क पडते. म्हणून मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी अर्जाला लागावे. परिषदेचे कार्यालय चिंचपोकळीला आहे. त्रुटी निघाली आणि जावेच लागले, तर कुडाळहून दिवस मोडतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय नोंदवहीचे पोर्टल सुरू झाले. आधार, पदवी प्रमाणपत्र आणि राज्य परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र देऊन तिथे नाव घालता येते. ते नूतनीकरण नव्हे. तिथे नाव घातले तरी एमएमसीचा अर्ज करायचा राहतोच. नवे प्रमाणपत्र आले की एक प्रत नर्सिंग होमच्या नोंदणीच्या फायलीत लावा. लेटरहेड, दाखले आणि पावत्यांवर नोंदणी क्रमांक छापलेला आहे ना, तेही त्याच दिवशी पाहून घ्या. दवाखान्यात तो लावणे आणि या सगळ्यांवर देणे बंधनकारक आहे.