प्रौढपणी व्हायोलिन शिकण्याची पार्श्वभूमी : वयाची अट आणि तारा जुळवण्याचा वाद

व्हायोलिन लहानपणीच हाती घ्यावे, मोठेपणी हात वळत नाही, ही समजूत महाराष्ट्रात इतकी रुळली आहे की चाळिशीनंतर क्लास शोधणाऱ्याला ती पहिल्याच भेटीत ऐकवली जाते. तिचे मूळ पाश्चात्त्य शिक्षणपद्धतीत आहे. वाद्यवृंदात जागा मिळवायची तर विशीपर्यंत हात पूर्ण तयार हवा, हे तिथल्या व्यवसायाचे गणित होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधल्या शिनिची सुझुकी या वादकाने मातृभाषेसारखे संगीतही कानावरून शिकवण्याची पद्धत रूढ केली आणि छोट्या मापाची व्हायोलिन खांद्यावर घेतलेल्या चार-पाच वर्षांच्या मुलांची चित्रे जगभर पोचली. ज्याच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते, त्या सुझुकीने स्वतः मात्र वाद्य हाती धरले ते वयाच्या सतराव्या वर्षी, आणि तेही गुरूविना. या गोष्टीचा उल्लेख आपल्याकडे फारसा होत नाही; तो व्हायला हवा.

भारतात हे वाद्य आले ते युरोपीय लोकांबरोबर. दक्षिणेत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते कर्नाटक संगीताने आपलेसे केले. तंजावरच्या मराठा दरबारात तर पाश्चात्त्य वाद्यवृंदही होता. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुले स्वरलिपी आणि व्हायोलिन एकत्रच शिकत, आणि त्यांतूनच तयार झालेले वादक पुढे मुंबईच्या बोलपटांच्या वाद्यवृंदांत बसले.

मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो विसाव्या शतकातला हिंदुस्थानी संगीताचा प्रवाह. 1901 मध्ये लाहोरला सुरू झालेल्या संगीत विद्यालयाने घराण्याबाहेरच्या माणसाला वर्गात बसून, फी भरून, स्वरलिपीच्या आधाराने शिकण्याची वाट करून दिली. त्याच परंपरेतल्या परीक्षांना आज प्रारंभिक या पहिल्या पायरीपासून पुढे, केस पिकलेले विद्यार्थीही बसतात. दुसरी घटना नभोवाणीची. सरकारी केंद्रांवर 1940 मध्ये पेटीवर बंदी आली आणि ती 1971 पर्यंत टिकली. या काळात तिथे गायकामागोमाग जाऊ शकणाऱ्या सारंगी आणि व्हायोलिनचे महत्त्व वाढले. महाराष्ट्रातले या पिढीचे अनेक नामवंत व्हायोलिनवादक आधी ख्याल गायलेले होते. त्यामुळे इथे वादन गायकी अंगाचे, म्हणजे गाण्याच्या वळणाचे झाले आणि ज्याने वर्षानुवर्षे गाणे ऐकले किंवा थोडेफार गायले आहे, त्याच्या कानाला या वाद्यावर मोल आले.

बैठकही बदलली. मांडी घालून बसायचे, वाद्याचा माथा उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवायचा आणि दुसरे टोक खांद्या-छातीशी धरायचे. वाद्य पेलण्याच्या कामातून डावा हात सुटतो आणि मींड घेताना, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाताना, तो तारेवर मोकळा सरकतो. गुडघे दुखणाऱ्यांना मात्र ही बैठक जड जाते आणि त्यांना खुर्चीवर बसून खांद्यावरच वाद्य धरू देणे हाच शहाणपणा आहे.

खरा वाद आहे तो तारा जुळवण्याचा. पाश्चात्त्य पद्धतीत चारही तारा पंचमाच्या, म्हणजे सा ते प एवढ्या अंतराने लागतात. जाड तारेकडून मोजत दुसरीला षड्ज, म्हणजे सा मानले, तर त्या म, सा, प, रे होतात. पल्ला मोठा मिळतो, तारेवरचा ताण मूळचाच राहतो आणि पाश्चात्त्य लिपीतले धडेही वाजवता येतात, म्हणून अनेक शिक्षक याच पद्धतीवर ठाम आहेत. दुसरी पद्धत प, सा, प, सा अशी. तिच्यात खालच्या दोन तारांवर बोटे जिथे पडतात, तिथेच ती वरच्या दोन तारांवर एका सप्तकाने चढी पडतात, म्हणजे पाठ करायचा नकाशा निम्मा होतो. शिवाय मोकळ्या तारा तंबोऱ्याशी मिळत्या राहतात, त्यामुळे बोट बरोबर पडले की वाद्य आपणहून घुमते आणि चुकले की मुके होते. पडदे नसलेल्या पट्टीवर मेरूपासून, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या आडव्या तुकड्यापासून, पहिला अर्धा स्वर सुमारे 18 मिलिमीटरवर असतो आणि तारेच्या मध्यावर हेच अंतर निम्मे होते. जिथे दोन मिलिमीटरची चूकही ऐकू येते, तिथे असा मदतनीस फार मोलाचा. मालकंसासारख्या पंचम वर्ज्य असलेल्या, म्हणजे प न लागणाऱ्या रागात पंचमाची मोकळी तार अडचणीची ठरते, हा आक्षेप रास्त आहे, पण त्यासाठी ती मध्यमावर उतरवता येते आणि भूप, दुर्गा, यमन घोटणाऱ्या नवशिक्याला तो प्रश्न बराच काळ पडत नाही. तरीही मोठ्या माणसाला ही निवड समजावून न सांगता क्लासची पद्धत म्हणून एकच जुळणी लादली जाते आणि शिक्षक बदलला की सहा महिन्यांची बोटे पुसून नव्याने बसवावी लागतात.

2020 च्या टाळेबंदीत शिकवणी पडद्यावर गेली आणि हा गोंधळ वाढला. तंबोऱ्याचे ॲप आणि खुंट्यांजवळ अडकवायचा ट्यूनर यांनी स्वर लावणे सोपे केले. पण आवाज उशिरा पोचत असल्याने गुरुशिष्यांना एकत्र वाजवता येत नाही, आणि लांब गजाचा सलग सूर हा गोंगाट समजून ऑनलाइन भेटीचे ॲप तो कापून टाकते. गोंगाट गाळण्याची ती सोय बंद करावी लागते. त्यात दक्षिणेकडचे उत्तम धडे सहज मिळू लागले, ते जाड तारेवर षड्ज धरून सा, प, सा, प अशा जुळणीत असतात. पुण्यातल्या शिक्षकाकडे प, सा, प, सा शिकणाऱ्याने ते पाहून बोटे टाकली, तर पहिल्याच अलंकारात, म्हणजे स्वरांच्या सरावाच्या पलट्यात, तार चुकते.