हालचालीचा इरादा : मेंदूच्या चित्रणातून शोध

हातपाय हलण्याआधी मेंदूत जी तयारी चालते, ती विद्युतलहरींवरून किंवा रक्तप्रवाहावरून टिपून माणसाला कोणती हालचाल करायची आहे हे ओळखण्याचे तंत्र. अंगावरून वारं गेलं किंवा मणक्याला मार बसला, तरी ‘हात उचल’ हा हुकूम मेंदूतून बऱ्याचदा सुटतच असतो. तो पकडता येणे हे या तंत्राचे खरे मोल.

कॉर्नह्यूबर आणि डीके या जर्मन संशोधकांनी १९६५ साली दाखवले, की बोट हलण्याच्या सेकंदभर आधीच मेंदूतला विद्युतदाब बदलू लागतो. २००८ मध्ये जॉन-डिलन हेन्स यांच्या संशोधक गटाने एफएमआरआय (मेंदूतल्या रक्तप्रवाहाचे बदल टिपणारे चित्रण) वापरून, माणूस डाव्या हाताने बटण दाबणार की उजव्या, याचा अंदाज सुमारे ७ सेकंद आधी बांधला. तो ६० टक्क्यांच्या आसपासच बरोबर ठरला; नुसत्या नाणेफेकीनेही ५० टक्के जमतात. त्यामुळे ‘मन वाचणारे यंत्र’ हे वर्णन चुकीचे आहे.

रुग्णांसाठी मोठी घटना २००६ ची. अपघातानंतर डोळे उघडे, पण प्रतिसाद काहीच नाही, अशा २३ वर्षांच्या तरुणीला मेंदू-संशोधक एड्रियन ओवेन यांनी ‘टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर’ असे सांगितले. हालचालीची आखणी करणारा तिच्या मेंदूचा भाग निरोगी माणसासारखाच उजळला. बीडच्या ऊसतोड कामगाराला मात्र टेनिस सांगून उपयोग नाही; त्याच्या हाताला कोयत्याची सवय आहे, तोच चालवायला सांगावा.

मराठवाड्यात एमआरआय मुख्यतः गाठ, रक्तस्राव, मणका पाहण्यासाठी होतो. एफएमआरआयला वेगळी प्रणाली आणि जाणकार माणसे लागतात, शिवाय रक्तप्रवाहाचा बदल ४ ते ६ सेकंद मागे असतो. इथे ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूच्या विद्युतलहरी टिपणारी तपासणी, अधिक जवळची वाटते. फिट येणाऱ्यांची तपासणी त्याच यंत्रावर होते, आणि ते खाटेपाशी नेता येते. रुग्णाला सांगायचे : “बाबा, उजवी मूठ आवळायलो असं नुसतं मनात आणा, हात हलवू नका.” मूठ डोळ्यांपुढे आणायची नाही, आवळल्याचा ताण आतून जाणवला पाहिजे. मग मेंदूच्या डाव्या बाजूच्या, सेकंदाला ८ ते १३ वेळा (हर्ट्झ) होणाऱ्या लहरींचा जोर कमी होतो.

२०१९ च्या एका अमेरिकी अभ्यासात, मेंदूला नुकतीच इजा झालेल्या आणि सांगितलेले काहीच न करणाऱ्या १०४ रुग्णांपैकी १६ जणांचा मेंदू ‘हात उघडा, मिटा’ या सूचनेला ईईजीवर प्रतिसाद देताना आढळला. वर्षभरात त्यांच्यातले सावरणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त होते. खूण मिळाली नाही म्हणून रुग्णाला काही कळत नाही, असे मात्र धरता येत नाही. झोप, गुंगीची औषधे, कमी ऐकू येणे यांमुळेही ती हुकते. म्हणून तपासणी पुन्हा करावी लागते.