हज-ए-बदल

ज्या मुसलमानावर हज फर्ज (धर्माने बंधनकारक) झाला, पण वार्धक्य, बरी न होणारी व्याधी किंवा मृत्यू यांमुळे त्याला तो करता आला नाही, त्याच्या वतीने दुसऱ्याने केलेला हज. बोलण्यात यालाच ‘बदली हज’ म्हणतात. करणारा बहुधा मुलगा किंवा मुलगी, आणि ज्यांच्यासाठी करायचा ते आई किंवा वडील.

या प्रथेचा मुख्य आधार हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत आहे. प्रेषित मुहंमद यांच्या अखेरच्या हजच्या वेळी (हिजरी १०, इ.स. ६३२) खसअम कबिल्यातील एका स्त्रीने त्यांना विचारले, की वडिलांवर हज फर्ज झाला आहे, पण ते इतके थकले आहेत की वाहनावर नीट बसूही शकत नाहीत, त्यांच्या वतीने मी हज करू का? उत्तर मिळाले, ‘हो.’ जुहैना कबिल्यातील दुसऱ्या स्त्रीची आई हजचा नवस बोलून तो न फेडताच वारली होती. तिला उलट प्रश्न विचारला गेला: आईवर कुणाचे कर्ज असते, तर तू फेडले असतेस ना? मग अल्लाहचे कर्ज फेड, त्याचा हक्क अधिक आहे.

‘कर्ज’ हा शब्द इथे नीट वाचायला हवा. मराठीत मातृऋण-पितृऋण म्हणतो तेव्हा मूल आईवडिलांचे देणे लागते. इथे देणेकरी आईवडील आहेत, ते अल्लाहचे देणे लागतात आणि मूल त्यांच्या जागी उभे राहून ते चुकते करते. म्हणूनच धडधाकट, ऐपत असलेल्या वडिलांच्या जागी मुलाने हज केला तर वडिलांचा फर्ज उतरत नाही. त्यांना स्वतःलाच जावे लागते. प्रेमापोटी असा बेत करणाऱ्या घरांत नेमकी हीच गोष्ट पुष्कळदा सुटून जाते.

विधी नेहमीच्या हजचेच. फरक नियतीत, म्हणजे संकल्पात. मीकातला, म्हणजे मक्केच्या वाटेवरील ठरलेल्या सीमास्थानी (भारतातून जाणाऱ्यांसाठी परंपरेने यलमलम) इहराम (हजची पवित्रावस्था आणि तिचा वेश) बांधताना ज्याच्यासाठी हज आहे त्याचा संकल्प करायचा आणि ‘लब्बैक’ (‘मी हजर आहे’) त्याच्या नावाने म्हणायचे. पुढे अरफातचा मुक्काम, तवाफ (काबेला प्रदक्षिणा), सई (सफा-मरवा टेकड्यांमधील फेऱ्या) सारे तसेच. मुलगी वडिलांसाठी आणि मुलगा आईसाठी हज करू शकतो. मात्र एकाच हजमध्ये दोघांचा फर्ज उतरत नाही. शुब्रुमा नावाच्या नातलगासाठी लब्बैक म्हणणाऱ्या माणसाला प्रेषितांनी आधी स्वतःचा हज करायला सांगितले होते. त्यावरून सुन्नींच्या चार विधिपंथांपैकी शाफई आणि हंबली पंथ स्वतःचा हज न केलेल्याचा बदली हज मान्य करत नाहीत. हनफी पंथात तो होतो, पण नापसंत मानला जातो.

महाराष्ट्रात हा पंथभेद नुसता पोथीतला नाही. कोकणी मुसलमान परंपरेने शाफई, तर देशावरचे बहुसंख्य सुन्नी हनफी. शाफई मतानुसार ऐपत असूनही हज न करता वारलेल्याचा हज इतर कर्जाप्रमाणे वारसावाटणीआधी त्याच्या मालमत्तेतून करवून घ्यायचा, मग त्याने वसीयत (मृत्युपत्र) केलेली असो वा नसो. हनफी मतानुसार वसीयत असेल तरच वारस बांधील, तेही एक-तृतीयांश मालमत्तेपुरते. वसीयत नसताना मुलांनी आपखुशीने केला, तर तो स्वीकारला जाईल अशी आशा धरतात. मालिकी पंथ सर्वांत कडक: जिवंत माणसाच्या फर्ज हजसाठी तो बदल मानत नाही.

हजला बदल चालतो, कारण त्यात शरीर आणि पैसा दोन्ही लागतात. निव्वळ शरीराने करायच्या नमाजला सुन्नी पंथांत सर्वसाधारणपणे बदल नाही. वसीयत असल्यास हनफी लोक चुकलेल्या नमाजांचा फिदिया (भरपाईचे दान) गरिबांना देतात; रात्रीचा वित्र हा जादा नमाज धरून दिवसाचे सहा मोजतात. रोज्यांबाबत मतभेद आहेत. ‘ज्याचे रोजे राहिले, त्याच्या वतीने त्याच्या वलीने (जवळच्या वारसाने) ते ठेवावेत’ अशी हदीस असूनही हनफी आणि मालिकी अन्नदानच सांगतात, तर हंबली नवसाच्या रोज्यांपुरताच बदल मान्य करतात. शिया इस्ना अशरींची (बारा इमाम मानणाऱ्यांची) वाट वेगळी आहे. तिथे वडिलांचे राहिलेले नमाज आणि रोजे पूर्ण करणे थोरल्या मुलावर वाजिब (बंधनकारक) मानले जाते, आणि त्यासाठी मोबदला देऊन दुसऱ्याला नेमताही येते.

ज्यांच्या आईवडिलांवर हज फर्जच झाला नव्हता, त्यांच्यासाठी ईसाल-ए-सवाब आहे, म्हणजे स्वतःच्या सत्कर्माचे पुण्य त्यांना पोचवणे: सदका (दान), कुराणपठण, बकरी ईदला त्यांच्या नावाने कुर्बानीचा हिस्सा. कुराणपठणाचे पुण्य पोचते का, यावर उलेमांत (धर्मपंडितांत) वाद आहे. दुआ आणि दानाबद्दल सुन्नी उलेमांत तसा वाद नाही. प्रेषितांचे सहकारी साद बिन उबादा यांची आई वारली, तेव्हा कोणते दान उत्तम, असे त्यांनी प्रेषितांना विचारले. उत्तर आले, ‘पाणी.’ सादनी विहीर खोदली आणि म्हटले, ‘ही सादच्या आईसाठी.’